बांगडे ठेवले, सुपारी टाकली

घाडी गेला तेव्हा आमचं भांडण अर्धवट होतं. शनिवारची सकाळ होती. मी मेथी निवडत बसले होते आणि सोमवारी तो आला की त्याला काय काय ऐकवायचं याची मनातल्या मनात जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात घोडपदेवहून त्याच्या बहिणीचा, सुलूचा फोन आला. "शैलाताई, दादा गेला. पहाटे, झोपेतच." आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं... "अगं, पण सोमवारी येणार होता ना तो!" मृत्यूची बातमी ऐकून कोणी असं बोलतं का? पण सुलूला राग आला नाही. ती म्हणाली, "हो. मलाही तेच सांगत होता." आता दीड महिना झाला. मेथी मी त्या दिवशी तशीच टाकून गेले होते हे आठवतं, आणि घाडीने दिलेला वार पाळला नाही याचा राग अजून तसाच आहे.

विलास घाडीगावकर हे त्याचं पूर्ण नाव, पण आमच्या सगळ्यांसाठी तो घाडीच. राहायला घोडपदेवच्या चाळीत, शेवटपर्यंत. लग्न केलं नाही. मला तो 'दामलेबाई' म्हणायचा आणि पुढे लगेच 'तू' लावायचा. "दामलेबाई, तू गप बस," हे वाक्य मी आयुष्यात जितक्यांदा ऐकलं असेल तितक्यांदा म्हणायची माझ्या नवऱ्यालाही कधी हिंमत झाली नाही. मी गिरगावातली. माझं बोलणं त्याला पुस्तकी वाटायचं, त्याचं मला अर्धवट. वाक्य सुरू करायचा आणि मध्येच सोडून द्यायचा, पुढचं समोरच्याने समजून घ्यायचं. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या माणसाला हे शोभत नाही असं मी त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

तो पहिला आठवडा एका गिरणीतला. गिरणीत कॉम्प्युटर होता हे आज कोणाला खरं वाटत नाही, पण आमच्या गिरणीत होता. सगळ्या गिरणीत तेवढी एकच खोली थंडगार, कारण मशीनला उकाडा सोसत नसे. मी तिथे कार्डांना भोकं पाडायच्या मशीनवर होते आणि घाडी कोबोलमध्ये प्रोग्रॅम लिहायचा. संध्याकाळचा क्लास करून शिकला होता. त्याचे वडील, अण्णा, त्याच गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापूस पिंजून त्याचे पेळू करायचे ते खातं. तिथे हवेत सतत कापसाचं पीस उडत असायचं. अण्णा सुट्टीच्या भोंग्यानंतर आमच्या खोलीच्या काचेपाशी येऊन उभे राहायचे, भुवयांवर पांढरं पीस, आणि आत मुलगा काय करतो ते बघायचे. आत या म्हटलं तर नको म्हणायचे. अंगावरचं पीस मशीनवर उडेल, म्हणायचे. खोकल्याची उबळ आली की काचेपासून लांब जाऊन खोकायचे.

मग संप झाला. संप कामगारांचा होता, आम्ही 'स्टाफ'. आम्हाला आत जायला कोणी अडवत नव्हतं. मी गेले. घाडी गेटपर्यंत आला, गेटच्या बाहेर अण्णा उभे होते, आणि हा त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मी घोडपदेवला त्याच्या घरी जाऊन वाद घातला. त्याचं म्हणणं एवढंच, की बाप बाहेर उन्हात उभा आणि मी आत थंडाव्यात बसू, हे होणार नाही. बरं, ठीक आहे. तत्त्वाचा प्रश्न आहे, मला मान्य. मग राजीनामा तरी लिहून दे! तोही दिला नाही. गिरणीची पत्रं येत राहिली, हा एकाचंही उत्तर देईना. लिहून देणं हा प्रकारच घाडीच्या आयुष्यात नव्हता. पुढची सगळी वर्षं मी त्याच्या याच एका सवयीशी डोकं आपटत काढली.

संपाच्याच वर्षी सुलूचं लग्न झालं. चाळीच्या गॅलरीत मांडव, शेजारच्यांनी वाटून घेतलेला स्वयंपाक. मी गेले होते. घाडीची आई आधीच वारलेली. कन्यादानाला अण्णा एकटेच पाटावर बसले, आणि बसण्याआधी भटजींनी त्यांच्या हातात एक सुपारी दिली. अण्णांनी ती धोतराच्या निरीत, कमरेपाशी खोचली. आमच्याकडेही ही रीत आहे, बायको हयात नसेल तर तिच्या जागी सुपारी, पण मी ती डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होते. मी घाडीकडे पाहिलं तर तो त्या सुपारीकडेच बघत होता. म्हणाला, "आई बसलीय." बाकी वाक्य नेहमीप्रमाणे नव्हतंच.

संप मिटला असं कोणी कधी जाहीर केलं नाही, तो नुसता विरत गेला, आणि आमची थंड खोलीही बंद झाली. मला परळच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात नोकरी लागली. काही वर्षांनी तिथे कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं, प्रोग्रॅम लिहायला माणूस हवा होता, आणि मीच घाडीचं नाव सुचवलं. म्हणजे तक्रार करायला मला तोंड नाही. तो लालबागला एका मसाल्याच्या दुकानात मालाचा हिशेब बघत होता. आला, आणि त्याने फॉक्सप्रोमध्ये रुग्णालयाचं सगळं काम बसवून दिलं. केस पेपर, वॉर्ड, औषधांचा साठा, तपासण्या. काळा पडदा, हिरवी अक्षरं, उंदीर नाही, चित्रं नाहीत. खिडकीवरच्या बायका न बघता बोटं चालवायच्या आणि रांग सरसर पुढे सरकायची. काम चोख होतं. हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण तो आधीच पुरेसा चढलेला होता.

पण त्या कामाच्या पोटात काय होतं ते फक्त त्यालाच ठाऊक. फायलींना नावं कशी असावीत? पेशंट, वॉर्ड, औषध, अशी असावीत ना? घाडीच्या फायलींची नावं होती बांगडा, तारली, पेडवे, सुंगटं. मी कपाळाला हात लावला. तेव्हा त्याने एकदाच, चहा पिता पिता, सांगितलं होतं, की ज्या फायली दिवसापुरत्या लागतात, संध्याकाळी फेकायच्या, त्यांना मासळीची नावं. मासळी दुसऱ्या दिवशी ठेवत नाहीत, वास मारते, त्यामुळे विसर पडायला नको. आणि ज्या फायलींना, नोंदींना हात लावायचा नाही त्यांना पूजेच्या सामानाची नावं. नारळ, अक्षता, सुपारी. मी म्हटलं, हे लिहून ठेव. तो म्हणाला, "यात लिहायचं काय? कोणालाही कळेल." घोडपदेवच्या चाळीत कळेलही कदाचित...

मग ते युग सुरू झालं ज्याला मी घाडीचं 'नंतर' म्हणते. बाहेर जग बदललं, फॉक्सप्रो बनवणाऱ्यांनीच ते बंद केलं, नवीन मशीनवर आमचा प्रोग्रॅम चालेना. मी म्हणायची, आता हे सगळं नव्या भाषेत लिहून काढू, नव्या पायावर उभं करू. तो म्हणायचा गणपतीनंतर बघू. गणपतीला हा गावाला. परत आला की दिवाळीनंतर. मग शिमग्यानंतर, कारण शिमग्याला पुन्हा गावाला. मग वैशाखात सगळ्यांची लग्नं. मग परत गणपती जवळच आले म्हणायचा. दरम्यान हा लॅमिंग्टन रोडवर जाऊन जुन्या मशीनचे सुटे भाग हुडकून आणायचा, ते संपले तेव्हा नव्या मशीनच्या पोटात जुनं मशीन असल्याचं सोंग करणारा एक प्रोग्रॅम आणून बसवला, आणि त्याच्या आत आपला फॉक्सप्रो सुखाने नांदवला. मी भांडायची, व्यवस्थापन भांडायचं. त्याचं एकच पालुपद. "चालतंय ना? मग हात कशाला लावतेस?" निवृत्त झाला तरी आठवड्यातून दोनदा येऊन बसायचा. आम्हीही बोलवायचो, कारण काही अडलं तर दुसऱ्या कोणाला त्यात शिरताच येत नव्हतं. मीही निवृत्त होऊन सल्लागार झाले, तरी माझ्या सल्ल्याला तो भीक घालत नव्हता.

शेवटी ट्रस्टने त्याला न विचारता एका कंपनीला काम दिलं. त्यांची मानसी नावाची मुलगी प्रमुख, तिशीही न गाठलेली, हुशार, शांत. मी घाडीला हात जोडून सांगितलं की बाबा, तिच्याबरोबर बस, कशात काय आहे ते सांग. दोनदा बसला. तिने विचारलं की बांगडा काय आहे, तर म्हणाला, "मासा." ती बिचारी हसली आणि पुढचं तिने स्वतःच्या अकलेने केलं. त्यानंतर त्याचे पाय सुजायला लागले, हृदय थकलंय म्हणाले डॉक्टर, आणि तो घरीच राहिला. मला तेव्हा वाटलं, सोंग करतोय. माझ्या जागी तुम्हीही तेच म्हटलं असतंत.

नवीन प्रणाली आधी फक्त छातीच्या विभागात सुरू करून बघितली. पहिल्याच दिवशी गोंधळ. एकेका पेशंटचं नाव रांगेत तीन-तीनदा, आणि मागच्या आठवड्यात घरी गेलेली माणसं पडद्यावर अजून खाटा अडवून पडलेली. आणि त्यात राणे आले. कार्डिंग खात्यातलेच जुने कामगार, मी त्यांना ओळखत होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं रुग्णालयाचं जुनं कार्ड त्यांनी खिडकीत सरकवलं. नोंद सापडेना. खिडकीवरची मुलगी म्हणाली, आजोबा, नवीन केस पेपर काढावा लागेल. राणे म्हणाले, "नवीन कशाला? छाती जुनीच आहे माझी." तरी काढला नवीन. आत नवा डॉक्टर होता, त्याच्यासमोर कोरा पडदा. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, दिवसाला विड्या किती? ज्या माणसाने जन्मात विडीला हात लावला नाही, ज्याच्या छातीचे गिरणीच्या काळापासूनचे फोटो, फुंकून मोजलेल्या श्वासाचे आकडे, सगळं आमच्याकडे होतं, त्याला हे विचारलं. राणे उठले आणि औषध न घेता घरी गेले. मी व्हरांड्यात त्यांच्या मागे गेले, पण ते थांबले नाहीत. एकटे राणेच नव्हेत. गिरणीतून आलेल्या सगळ्या पेशंटांच्या नोंदी नव्या प्रणालीत नव्हत्याच.

मानसीने दोन दिवस खपून शोधलं आणि माझ्याकडे आली. तिचा चेहरा उतरला होता. जुन्या सगळ्या फायली तिच्या लोकांनी नीट तपासून नव्या पायावर आणल्या होत्या. बांगडा, तारली, पेडवे, एकही दाणा न सांडता, कारण त्यांत रोज नवा मजकूर येत होता, म्हणजे त्या महत्त्वाच्या असणार. ती तीन-तीनदा आलेली नावं आणि अडलेल्या खाटा या शिळ्या मासळीतूनच आल्या होत्या. एकच गोष्ट त्यांनी कचरा समजून वगळली होती. गिरण्यांच्या यादीत एका गिरणीचं नाव होतं 'सुपारी'. अशी गिरणी मुंबईत कधी नव्हती, म्हणून ती आणि तिच्याखालची सगळी माणसं कोणीतरी चाचणीसाठी घातलेली खोटी असणार असं त्यांना वाटलं.

मी तडक घोडपदेवला गेले. तो शुक्रवार होता. घाडी खाटेवर उशीला टेकून बसला होता, पाय सुजून दुधी भोपळ्यासारखे झालेले, सुलू त्याला पेज भरवत होती आणि तो नको नको करत होता. "माका पुरे झाली गे," असं तिच्याशी, आणि मला बघून, "आली दामलेबाई." मी सगळं सांगितलं. मला वाटलं चिडेल. तो हसायलाच लागला, इतका की सुलूने पेजेची वाटी बाजूला ठेवली.

"बांगडे ठेवलेत आणि सुपारी टाकलीत? कमाल आहे रे तुमची."

मग दम घेत घेत त्याने जे सांगितलं ते मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते. आमच्या रुग्णालयात गिरणी कामगारांची नोंद गिरणीच्या नावाखाली आणि बिल्ल्याच्या नंबराखाली व्हायची, जुन्या दात्यांनी घालून दिलेली पद्धत. आणि ट्रस्टचा तितकाच जुना नियम असा, की एखादी संस्था बंद झाली की तिच्याखालच्या केसेस बंद समजायच्या आणि काही वर्षांनी कागद, फोटो, सगळं रद्दीत. घाडीनेच तो नियम प्रोग्रॅममध्ये घातला होता, कारण तसं त्याला सांगितलं होतं. वर्षअखेरीला प्रोग्रॅम बंद संस्थांची यादी बघायचा आणि झाडू फिरवायचा. त्या यादीत पहिली गिरणी आली ती आमचीच. अण्णा तेव्हा आमच्याच छातीच्या विभागात उपचार घेत होते.

"गिरणी बंद झाली, अण्णा कुठे बंद झालेले? खोकत होते ना," घाडी म्हणाला. "मग काय, बसवली सुपारी."

म्हणजे त्याने गिरणीचं नाव काढून त्या जागी सुपारी ठेवली. सुपारी कुठल्याच बंद संस्थांच्या यादीत येणार नव्हती. मग एकामागून एक गिरण्या बंद होत गेल्या आणि हा एकेकीची माणसं गुपचूप उचलून सुपारीखाली आणत गेला. अण्णा गेले, तरीही. गिरण्यांच्या जागी टॉवर झाले, त्या टॉवरांच्या सावलीतली चाळकरी म्हातारी माणसं आमच्याकडे येत राहिली, आणि हिरव्या अक्षरांत त्यांची छाती पहिल्यापासून वाचता येत होती.

मला रडू यायला हवं होतं. मला संताप आला. मी सुलूसमोरच त्याच्यावर ओरडले. एवढी वर्षं, एवढी माणसं, आणि सगळं याच्या एकट्याच्या डोक्यात! उद्या काही झालं असतं तर? आज झालंच ना? लिहून ठेवायला काय झालं होतं?

"लिहिलं असतं तर कोणीतरी वाचलं असतं. वाचलं असतं तर काढलं असतं."

"मला तरी सांगायचंस."

"तुला सांगितलं असतं तर तुला ट्रस्टच्या कमिटीपुढे खोटं बोलावं लागलं असतं. तुला जमत नाही ते, दामलेबाई. तोंडावर दिसतं लगेच."

त्याच्या 'गणपतीनंतर'चा अर्थ मला त्या खाटेपाशी कळला, आणि कळल्यावरही मला तो शहाणपणा वाटला नाही, अजूनही वाटत नाही. एका माणसाच्या छातीच्या ठोक्यांवर इतक्यांच्या छातीचा भार ठेवून बसायचं याला काय म्हणायचं? पण तो ते करत होता तेव्हा मी त्याला आळशी म्हणत होते, तेही खरं नव्हतं.

सुपारीखालची माणसं जुन्या मशीनमध्ये अजून सुखरूप होती, कारण ते मशीन बंद करायची परवानगी घाडीने कोणाला दिलीच नव्हती. ती नव्या प्रणालीत आणायची, या वेळी कमिटीला उघड सांगून, इथपर्यंत आमचं एकमत झालं. मग नावावरून जुंपली. मी म्हटलं आता लपवायचं काही नाही, सरळ 'बंद गिरण्यांचे कामगार' असं नाव देऊ. तो म्हणाला, बंद हा शब्द घातलास की आज ना उद्या कोणीतरी पुसणार. सुपारीच राहू दे. मी म्हटलं नव्या माणसांना कळणार नाही, पुन्हा टाकतील. तो म्हणाला, सांग ना त्यांना. मी म्हटलं, तू सांग. सोमवारी ये, मानसीसमोर बस, तिला सगळं सांग, मग नावाचं बघू. तो म्हणाला येतो. "सोमवारी नक्की, दामलेबाई." सुलू माझ्याकडे बघून मान हलवत होती, की हा कसला येतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

सोमवारी मीच मानसीला सगळं सांगितलं, बांगड्यापासून सुपारीपर्यंत. ती सगळं लिहून घेत होती. नंतर कमिटीपुढे गेलो. नियम काढून दाखवण्यात आला. छातीच्या विभागाच्या प्रमुख डॉक्टर बाईंनी राण्यांचा जुना रेकॉर्ड पडद्यावर लावला आणि म्हणाल्या, हा पुसायचा असेल तर मला आधी तसं लिहून द्या. कोणी दिलं नाही. जुन्या नोंदी माणूस उपचाराला येतो तोवर ठेवायच्या असं ठरलं. राण्यांच्या घरी मी स्वतः जाऊन आले. ते पुन्हा येऊ लागलेत, नव्या डॉक्टरवर अजून थोडे रुसलेले आहेत. नाव सुपारीच ठेवलं. भांडायला समोर कोणी नसताना जिंकण्यात मला गंमत वाटली नाही.

एकच गोष्ट उरली होती. नवीन प्रणाली नोंदींच्या प्रत्येक गटासाठी, म्हणजे सुपारीसाठीही, एक जबाबदार व्यक्ती मागते, अडलं तर विचारायचं कोणाला म्हणून. रकाना रिकामा चालत नाही. मानसीने घाडीगावकर घालून पाहिलं. ही व्यक्ती कार्यरत नाही, असं म्हणाली प्रणाली. मी म्हटलं, माझं नाव घाल. मानसीने नवीन व्यक्तीचं पान उघडलं. नाव विचारलं तिथे लिहिलं, सुपारी. आडनाव विचारलं तिथे, घाडीगावकर. ईमेलच्या जागी माझा पत्ता घातला. मी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं. प्रणालीने ते निमूट घेतलं.

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी मला एक ईमेल येतं. आपोआप जातं ते, त्यात कोणाचा हात नाही. 'सुपारी घाडीगावकर, आपण बरेच दिवस आलेला नाहीत. आपली कामे प्रलंबित आहेत. कृपया लवकर यावे.' मानसी म्हणाली, मॅडम, बंद करून टाकू का ते? मी नको म्हटलं. चाळीस वर्षं मी त्याला हेच सांगत आले. ऐकतोय कशाला.